कारण : भिवंडीस स्थलांतर

शाळेच्या जनरल रजिस्टरात शेवटाकडे एक रकाना असायचा, 'शाळा सोडण्याचे कारण'. सोलापुरात भवानी पेठेतल्या शाळेत मी कितीतरी वर्षं तो रकाना भरला. त्यात सगळ्यात जास्त वेळा मी लिहिलेला शब्द म्हणजे स्थलांतर. पण हा शब्द कुणी बोलताना मी कधी ऐकला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या गावची, केमची, घरंच्या घरं कुलूप लावून बाहेर पडली, तेव्हा लोक म्हणायचे, 'जगायला गेले'. पेठेतल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांतही कुणी 'पोटामागं गेला' असायचा, कुणी 'कामाला'. मी स्वतः केम सोडून सोलापूरला आलो, त्याला तर कुणी काहीच नाव दिलं नाही. 'मास्तर झाला', एवढंच. स्थलांतर फक्त आमच्या रजिस्टरात व्हायचं.

ऐंशी ओलांडल्यावर हे लिहायला बसलो, कारण त्या रकान्यात मी एक नोंद खोटी केली. तिच्यापायी एक सरळ माणूस स्वतःच्याच दारात परका ठरला. तो आता असेल की नाही, ठाऊक नाही.

तो हातमागवाला, शाळेमागच्या गल्लीत राहायचा. उंच, कमी बोलणारा, मागावर बसून बसून पाठीला थोडा बाक आलेला. लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, सूत मिळेना, तेव्हा तो भिवंडीला पॉवरलूमवर गेला. घरातल्या मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्या फळ्यांवर बसून त्याची बायको विड्या वळू लागली. मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात होती. पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायची, आणि शेजारचं कुणी चुकलं की मिटल्या डोळ्यांनीच हसायची. घरात धाकटा भाऊ जन्मला आणि ती यायची बंद झाली.

मी बोलवायला गेलो. बाई मांडीवर सूप घेऊन बसली होती.

"या की गुरुजी. बसा. त्या पानांवर नका बसू, तुमचीच विडी वळीन."

"मुलगी शाळेत का येत नाही?"

"येती की. हे पोरगं चालाय लागू दे, मग येती."

पोरगं दोन महिन्यांचं होतं. "ते कधी चालायचं?"

"तुमीच सांगा त्याला. गुरुजीचं ऐकंल."

असा मी चार-पाच वेळा गेलो. दर वेळी चहा मिळाला, मुलगी मिळाली नाही. खरं सांगायचं तर पुढं पुढं मी चहासाठीच जायचो. आलं ठेचून घातलेला तो चहा आणि त्या बाईचं बोलणं, दोन्ही मला आवडायचं. सोलापुरात मी एकटा होतो, आणि त्या घरात मला कुणी पाहुण्यासारखं वागवत नसे.

मग तपासणी लागली. तीन महिने गैरहजर असलेलं नाव पटावर दिसलं की साहेबांना लेखी खुलासा द्यावा लागायचा : पालकांना कितीदा भेटलात, ते काय म्हणाले, तुम्ही काय केलंत.

"बाप भिवंडीला आहे ना?" हेडमास्तर म्हणाले. "मग स्थलांतर लिहा. मिटलं."

"पण मुलगी इथंच आहे, सर."

"साहेब काय गल्लीत बघायला जाणार आहेत?"

स्थलांतराला खुलासा लागत नसे. माणूस गेला म्हटलं की प्रश्न त्याच्याबरोबर दुसऱ्या गावी जायचा. मी लिहिलं, 'वडील कुटुंबासह भिवंडीस स्थलांतरित'. हेडमास्तरांना मी दोष देत नाही. त्यांनी एकच शब्द सांगितला होता. 'कुटुंबासह' मी जोडलं, वाक्य पुरं दिसावं म्हणून.

तीन वर्षांनी ती मुलगी दाखला मागायला आली. शिवणाच्या वर्गात नाव घालायचं होतं, तिथं चौथीपर्यंत शिकल्याचा कागद मागत होते. दाखला रजिस्टराबरहुकूम द्यायचा असतो. नोंद बदलायची तर अर्ज, कारण, सही, आणि ते कारण माझ्याच हातानं लिहावं लागलं असतं. मी नोंद जशीच्या तशी उतरवली, शिक्का मारला आणि वर 'शीक हं चांगलं' असंही म्हणालो.

मुलीनं घरी तो मोठ्यानं वाचला. आईला वाचता येत नव्हतं, मराठी मात्र चांगली कळायची. वडील कुटुंबासह भिवंडीला. मग आपण इथं फळ्यांवर कोण बसलोय? तिथं त्याच्यासोबत कोण आहे? आणि शाळेला हे सांगितलं कुणी? त्यानंच सांगितलं असणार. भिवंडीत दुसरा संसार मांडल्याच्या गोष्टी गल्लीला नव्या नव्हत्या, आणि हा तर शिक्क्याचा कागद होता.

दसऱ्याला तो आला. पिशवीत बायकोसाठी पातळ आणि मुलाला प्लास्टिकची मोटार. बाईनं आतून कडी लावली. एरवी नवऱ्याशी तेलुगूत बोलणारी ती, सगळ्या गल्लीला कळावं म्हणून मराठीत ओरडत होती, "जावा की तुमच्या भिवंडीच्या कुटुंबाकडं! हितं कुटं वाट चुकला?"

दुपारपर्यंत तो कट्ट्यावर बसून राहिला. शेजारच्या बायका पाणी द्यायच्या निमित्तानं येऊन त्याचं तोंड बघून जात. शेवटी तो माझ्या खोलीवर आला.

"गुरुजी, कागदात काय लिवलंय? मी तर कदी शाळेत आलोच न्हाई. तुमी चला, तिला सांगा. तुमचं ऐकती ती."

मी गेलो. माझा आवाज ऐकून बाईनं दार उघडलं. डोळे सुजलेले होते. "तुमी शिकल्याली मानसं. तुमीच सांगा, सरकारी कागद खोटं बोलतो का?"

मागे मुलगी उभी होती, भाऊ तिच्या परकराला झोंबत होता. 'ते मी लिहिलं,' एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "कारकुनाच्या हातून नजरचूक झाली असेल."

आमच्या शाळेला कारकून नव्हता. बाईला ते माहीत नव्हतं, मुलीला होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"कारकुनाला माझ्या नवऱ्याचं काय पडलंय?" बाई म्हणाली. तरी माझ्या शब्दाखातर तिनं नवऱ्याला आत घेतलं, आम्हा दोघांना चहा दिला. पातळाची घडी मात्र मोडली नाही. "मी डोळ्यानं बघनार," ती म्हणाली. "दिवाळी झाली की समदे जाऊ."

आणि ते गेले. शिवणाचा वर्ग राहिला. फळ्या उचलल्या, माग मोडून सरपणाला गेला. माझी नोंद अशी तीन वर्षांनी खरी झाली.

म्हणून आता सरळ लिहितो. त्या माणसाचा भिवंडीत दुसरा संसार नव्हता. एका खोलीत दहा-बाराजण पाळीपाळीनं झोपायचे, त्यातला तो एक होता. त्याचं कुटुंब सोलापुरातच होतं, आणि मला ते माहीत होतं. मी त्यांच्याच घरी चहा पीत होतो.

निघायच्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. वळकट्या, पत्र्याची पेटी, डबे. गाडी लागल्यावर बाई खिडकीपाशी बसली, मुलाला मांडीवर घेतलं. तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता.

"गुरुजी, तितं कोन सवत सापडली तर पोरगीला पत्र लिवाय लावते. तुमी या मग भांडाय."

"येतो की," मी म्हणालो.

"आलं घालून चा देते दोघींच्या हातचा."

ती हसली, मीही हसलो. मुलगी हसली नाही. सवतीचं पत्र कधी येणार नाही, हे मला माहीत होतं आणि बाईच्या नवऱ्याला माहीत होतं. तो नळावरून पाण्याचा तांब्या भरून, सांडू नये म्हणून वरून तळहात धरून, डब्याकडे पळत येत होता.