पावण्यांनी आपला खडा ठेवलाय आमच्याकडं

सगळ्यात आधी मुलाची आत्याच आली की! चहाचं आधणपण ठेवलं नव्हतं मी. साडी मात्र झकास होती तिची, ते ऱ्हाऊ दे. मागनं मुलगा आणि त्याची आई. माझ्या नातीला, पूजाला, बघायला आलती.

पूजा सोनारकाम करती. स्वतः केलेली चांदीची अंगठी तिनं दाखवली. आत्या म्हणाली, "अगं बाई, ही तर पोकळ हाय की!"



पूजा हसून म्हणाली, "मुद्दाम केलीया, आत्या. बोटाला जड होत न्हाय. फक्त जोडताना आतल्या बाजूला बारीक भोक ठेवायचं, न्हायतर तापल्यावर हवा कोंडून फुटती. आणि खडा वर येऊ दिला न्हाय, पत्र्याबरोबर सपाट बसवलाय. भाकरी थापताना पीठ अडकत न्हाय."

मुलाच्या आईनं इचारलं, "लग्नानंतरबी हे काम करणार?"

"व्हय, करणार."

मग त्या बाईनं आपल्या बोटातली अंगठी काढून पूजाच्या हातात ठेवली. "ह्यातला खडा सारखा पदराला अडकतो माझ्या. तुझ्यासारखा सपाट बसवून दे."

बायांनो, ह्याला होकारच म्हणायचा न्हवं? अंगठी न्यायला गुरुवारी येतो म्हणाल्यात.