मोकळी ठेवलेली लाइन

परवा चपलांच्या दुकानात कातड्याचा वास आला आणि गायकवाडमामांच्या वॉकीटॉकीचं उन्हानं तापलेलं कव्हर आठवलं.

दुष्काळाचं वर्ष होतं. ईट गावाजवळ आमचा उभा ऊस वाळत होता. सहकारी साखर कारखान्याचे गायकवाडमामा आवाज पोचावा म्हणून उसानं भरलेल्या बैलगाडीवर चढून बोलायचे. कारखान्याशी बोलायला सगळ्या गावांना लाइन एकच. एकानं बटन दाबलं की बाकीच्यांचं बोलणं अडायचं, म्हणून दिवसभर नुसती भांडणं. "ऊस न्यायला आमची गाडी आधी पाठवा!" "आमचा ऊस वाळून चाललाय, साहेब!"

त्या दुपारी उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधताना आईला साप चावला. मामा गाडीवर चढून ओरडले, "जीप पाठवा! बाईमाणसाला पान लागलंय!"

जीप आली. दादा, म्हणजे माझे वडील, आईला घेऊन धाराशिवला गेले. मी बैलगाडीपाशीच बसून राहिले. मामांच्या हातातला तो वॉकीटॉकीचा डबा मात्र एकदम गप्प झाला होता.

"मामा, बिघडला का हो?"

"न्हाय बाई. चालू हाय."

मला त्या शांततेचा लई राग आला. ऊन कललं तेव्हा कारखान्यातून आवाज आला, "दवाखान्याचा फोन आला. बाई शुद्धीवर हायत." लगेच सगळे एकदम तुटून पडले, "आता तरी आमची गाडी बघा!"

आईच्या बातमीला वाट मोकळी राहावी म्हणून त्या सगळ्यांनी आपापला ऊस वाळू दिला होता, हे मला फार उशिरा कळलं. आईच्या डॉक्टरांचे पाय मी धरले. पण बटनावरून बोट काढून बसलेली ती माणसं मी कधीच पाहिली नाहीत. मला ठाऊक आहेत ते फक्त त्यांचे भांडणारे आवाज.