गप्प पीठ

बसवर ड्रायव्हरी करणाऱ्या माणसाला सुट्ट्यांचे दिवस घरात कसे जातात हे ठाऊक नसतं. सगळं जग गावाला निघतं आणि त्याला घेऊन जातो तो हा. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही, वर्षअखेरच्या सुट्ट्यांत आपली बायको घरात नेमकं काय करते, हे या ड्रायव्हरला कधी दिसलंच नव्हतं. केक करते, एवढं माहीत होतं. सगळी इमारत तिला केकवाली मावशी म्हणायची, हेही कानावर होतं. ‘घरबसल्या चार पैसे मिळतात, वेळही जातो,’ असं तो डेपोत सांगायचा.

त्या वर्षी बसच्या पायरीवरून त्याचा पाय घसरला आणि घोटा मोडला. ऐन सुट्ट्यांच्या तोंडावर प्लॅस्टर चढलं, आणि तो स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला. करायला काही नाही, म्हणून बघत बसला.

पहिल्या दिवशी त्याला नुसता पसारा दिसला. पलंगावर खोक्यांची चळत, कपाटाच्या दाराला रिबिनी लटकलेल्या, जेवणाच्या टेबलावर गार होत ठेवलेले केक; घरच्यांनी जेवायचं ते ताट मांडीवर घेऊन. ओव्हन एकच, तोही डाव्या कोपऱ्यात जास्त तापणारा. दुसऱ्या दिवशी त्या पसाऱ्यातला क्रम त्याच्या ध्यानात यायला लागला. एक केक भट्टीत असताना दुसऱ्याचं पीठ साच्यात, तिसऱ्याचं लोणी खिडकीतल्या उन्हात मऊ होत असलेलं. मध्येच फोन वाजायचा, कुणी अंडं चालत नाही म्हणायचं, कुणी उद्याचा केक आजच हवा म्हणून अडून बसायचं. ती फोन खांद्यात धरून हो ताई, नाही दादा करायची आणि भट्टीतला साचा न बघता फिरवायची. गर्दीच्या चौकात तो स्वतः गाडी वळवायचा, तेव्हा लोक हात जोडायचे. इथे हात जोडायला कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याला विचित्र वाटली. भट्टीतून काढलेल्या केकला ती सुरी टोचून बघायची नाही. वाकून कान लावायची. त्याने थट्टा केली, की केक काय गुपित सांगतो का. तिने त्याला लंगडत जवळ यायला लावलं. त्याने कान लावला तर आतून खरंच बारीक सळसळ ऐकू येत होती, दूर कुठेतरी पाऊस पडत असावा तशी.

“अजून बोलतोय, म्हणजे आत कच्चा आहे,” ती म्हणाली. “बोलणं मंदावलं की झाला.”

त्या दिवसापासून त्याची थट्टा संपली. आपणही हातभार लावावा म्हणून ती खाली दूध आणायला गेली असताना त्याने रिकामे होत आलेले डबे भरून ठेवले. साखर साखरेत, कोको कोकोत. मनातून फार खूश होता.

त्याच दुपारी सगळ्यात मोठी ऑर्डर होती. जवळच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी रजा न मिळालेल्या सगळ्या नर्सेससाठी केक सांगितले होते. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात पीठ तयार झालं, तिने शेवटी दही घातलं, चमचा फिरवला आणि एकदम थांबली. पातेल्यावर वाकली. कान लावला.

“हे पीठ गप्प आहे,” ती म्हणाली.

त्याला काही उमगेना. तिने बेकिंग पावडरच्या डब्यातली चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकली. एरवी ती फसफसते म्हणे. ही निमूट तळाशी गेली. डब्यात कॉर्नफ्लोअर होतं. दोन्ही पांढरी, दोन्ही मऊ.

“मी भरला तो डबा,” तो म्हणाला.

आता तोंडसुख घेतलं जाणार, म्हणून त्याने मान खाली घातली. तो स्वतः तर रिक्षा आडवी आली तरी त्या रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण तिने फक्त कपाटातलं खरं पाकीट उघडलं, त्याला चाळणी धरायला दिली, आणि हातातल्या बांगड्या काढून कोपरापर्यंत हात पातेल्यात घातला. वरून पावडर भुरभुरत होती, खाली तिचा हात तळापासून वर, इतका सावकाश फिरत होता, की जणू झोपलेल्या लेकराखालचं दुपटं बदलत असावी. जास्त ढवळलं तर केक दगड होतात, कमी ढवळलं तर मध्ये खड्डे पडतात, हे त्याला नंतर कळलं. तेव्हा तो चाळणी हलवत राहिला. मग तिचा हात थांबला. पातेल्यातून अगदी हलकी चुरचुर आली.

“बोललं,” ती म्हणाली आणि साचे ओढले.

भट्टीच्या काचेआड केक फुगायला लागले तेव्हा तो प्लॅस्टरचा पाय पसरून चक्क जमिनीवर बसला होता. रस्त्यावर त्याने पूर पाहिला होता, दरड कोसळताना पाहिली होती. पण ओलसर पीठ आपोआप वर येतं, मधोमध उंच होतं, कडेला तांबूस होतं, हे त्याने एवढ्या वर्षांत पाहिलंच नव्हतं, आणि ते त्याच्याच घरात घडत होतं.

दिवे लागायच्या सुमारास नर्सबाई आल्या. दारातून खोकी उचलता उचलता म्हणाल्या, “तुमची चैन आहे बुवा. घरात कायम गोड वास.”

त्याच्या तोंडाशी खूप काही आलं. पण तो हसला आणि त्यांना जपून न्या म्हणाला.

आत आला तर ती स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपलेली, कोपरापर्यंत वाळलेलं पीठ तसंच. त्याने पुन्हा वाजू लागलेला फोन उचलला आणि हळू आवाजात सांगितलं, “बाईसाहेब कामात आहेत. थोड्या वेळाने करा.”