शिवेवरच्या अण्णांचं गाऱ्हाणं

लवू परबाला गावात कोणी परब म्हणत नाही. धामापूरच्या अलीकडे त्याचं गाव. तिथे जाऊन लवू परबाचं घर विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. लवू फळूदे म्हटलंत तर अंगणापर्यंत आणून सोडतील. माणूस पन्नाशी उलटलेला, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा, हाताला यश असलेला. पण नाव चिकटलं ते चिकटलं. फणसाचा चीक एक वेळ तेलाने सुटतो, आमच्याकडे टोपणनाव सुटत नाही. त्या नावाने हाक आली की लवू मान वर करायचा, काम काय ते ऐकायचा, करूनही द्यायचा. ओ मात्र त्याने बावीस वर्षांत एकदाही दिली नाही.

नावामागची गोष्ट अशी. देवळात जत्रा असो, पेरणी असो नाहीतर कोणाची नवी रिक्षा, आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं ही इकडची रीत. एकजण पुढे उभा राहून खड्या आवाजात देवाशी बोलतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला मागचा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतो. तो मान परबांच्या घराण्याचा. वडील गेले आणि लवूकडे आला. आवाज बापाचाच, उभं राहणं बापाचंच. पहिल्या जत्रेला अर्धं गाऱ्हाणं असं घातलं की म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पुढे आंबा-काजूच्या पिकासाठी म्हणायचं होतं, ‘आंबे-काजी फळू दे, इडापिडा टळू दे.’ लवूची जीभ वळली, आणि तो म्हणाला, ‘आंबे-काजी टळू दे, इडापिडा फळू दे.’

सव्वाशे माणसं एका सुरात म्हणाली, ‘व्हय म्हाराजा.’

म्हणून झाल्यावर मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. आनंदीबाई तेव्हा साठीची, पदर तोंडात कोंबूनही तिला हसू आवरेना. फळूदे हे नाव तिनेच ठेवलं, त्याच दिवशी, देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आत. एवढ्यावर भागलं असतं. पण त्या साली नेमका मोहोर काळा पडला, आणि हसणारी माणसं कुजबुजायला लागली. पुढच्या जत्रेला मान चुलतभाऊ गुरुदासकडे गेला. गुरुदास सज्जन माणूस, पण त्याचं गाऱ्हाणं त्याच्याच सदऱ्याच्या पहिल्या गुंडीपलीकडे जात नसे. चुकलं तर नाही ना, एवढंच गावाला हवं होतं. लवू तेव्हापासून देवळात शेवटच्या खांबाला टेकून उभा राहायचा आणि ‘व्हय म्हाराजा’सुद्धा ओठातल्या ओठात म्हणायचा.

त्याची मुलगी तन्वी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते. संध्याकाळी काम मिटलं की कानाला हेडफोन लावून ती खेळायला बसते. गेल्या वर्षी एकदा तिच्या खोलीतला इन्व्हर्टर बघायला लवू गेला आणि स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर अख्खं शहर होतं. रस्ते, पूल, बँक, इस्पितळ. शंभरेक माणसं आपापल्या घरून त्यात शिरतात, तन्वीने सांगितलं, आणि प्रत्येकजण एक सोंग घेतो. कोणी हवालदार, कोणी चोर, कोणी चहावाला. याला रोलप्ले म्हणतात. नियम एकच, एकदा सोंग घेतलं की मध्येच सोडायचं नाही, बोलणं-चालणं सगळं त्या माणसासारखं. मासळी कापताना बोट चिरलं तर भोवळ येणारी तन्वी त्या शहरात ॲम्ब्युलन्स चालवत होती. लवूला यात नवल वाटलं नाही. दशावतारात सोंग घेतलं की उजाडेपर्यंत वठवायचं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

त्या संध्याकाळी शहरात एका गॅरेजचं उद्घाटन होतं. चाळीस माणसं जमली, मालकाने नारळ फोडला, टाळ्या झाल्या आणि लोक पांगायला लागले. लवूला ते बघवेना.

“नारळ फोडलो आणि गाऱ्हाणा नाय?” तो म्हणाला. “ह्येका गाव म्हणतत?”

“मगे तूच घाल,” तन्वी म्हणाली, आणि तिने हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर बसवला.

तन्वीला वाटलं, बाबा हसेल आणि काढून ठेवील. पण लवूच्या पुढे गाव नव्हता, आनंदीबाई नव्हती, फळूदे म्हणणारं कोणीच नव्हतं. त्याने घसा साफ केला. गावच्या रवळनाथाचं नाव त्याने घेतलं नाही, देवाला खेळात ओढायचं नाही एवढं भान त्याला होतं. ‘ज्या कोणाची ही जागा आसा त्या म्हाराजा,’ असं म्हणून त्याने सुरुवात केली, आणि गॅरेजवाल्याला यश मागितलं, त्याच्या पान्यांना जोर मागितला, उधारी मागणाऱ्यांना सुबुद्धी मागितली. पुण्या-नाशकाच्या पोरांना कळेना की आता काय करायचं. तेवढ्यात गॅरेजवाल्याच्याच तोंडून आलं, “व्हय म्हाराजा.” तो डायलन. खऱ्या जगात तो मालवणच्या ख्रिस्ती घरातला, दोहातल्या एका हॉटेलात आचारी. दुसऱ्या मागण्याला चौघांनी होकार दिला, पाचव्याला सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवसापासून लवूला शहरात स्वतःचं सोंग मिळालं. तन्वीने पांढऱ्या धोतराचा, काठीवाला म्हातारा करून दिला, नाव शिवेवरचे अण्णा. कारण लवूने आधी शहराची शीव शोधली. गावाला शीव असते, शिवेवर राखणदार असतो. या शहराला दोन्ही नाही म्हटल्यावर तिथे रोज अपघात आणि दरोडे होतात यात नवल ते काय, असं त्याचं म्हणणं. पुलापलीकडे जिथे रस्ता संपतो तिथे एक मोठा धोंडा होता. अण्णा त्याच्यापाशी उभे राहू लागले, आणि संध्याकाळी आठला तिथे गाड्यांची रांग लागायला लागली. नवी गाडी, नवी नोकरी, नवी जोडी, सगळ्यांना गाऱ्हाणं हवं.

एकदा बँक लुटायला निघालेली टोळी तोंडाला फडकी बांधूनच आली. त्यांचं गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच पोलिसांची जीप आली, त्यांनाही हवं होतं. आता लवू अडचणीत पडला. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “म्हाराजा, चोरांका धाडस दी, पोलिसांका पाय दी, आणि मदल्या लोकांका गोळी लागाक देव नको.” ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दोन्ही पक्ष आपापल्या कामाला लागले.

बायको वैजयंती आधी कुरकुरली. शेजारी काय म्हणतील, माणूस पडद्याला गाऱ्हाणं घालतो? पण नवरा जेवताना बोलायला लागला होता, मोटार दुरुस्त करताना गुणगुणत होता. शेवटी आठ वाजले की तीच चहा आणून ठेवायला लागली.

एक वाक्य मात्र अण्णा कधी म्हणत नसत. डायलनच्या ते लक्षात आलं. लहानपणी तो शेजारच्यांबरोबर जत्रेला गेलेला, त्याच्या कानात सगळं बसलेलं. गाऱ्हाण्यात इडापिडा कशी नाही, असं त्याने एकदा विचारलं. लवूने टोलवलं, की या शहरात आंबे नाहीत, काजी नाहीत, फळणार काय? डायलन म्हणाला की माझ्या गॅरेजवर आठवड्यातून तीनदा दरोडा पडतो तो याच्यामुळेच, इडापिडा तुम्ही टाळायला सांगतच नाही. सगळे हसले. लवूही हसला, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

शहराला दोन वर्षं झाली त्या दिवशी शंभरावर माणसं धोंड्यापाशी जमली. लवूने ठरवलं, आज म्हणायचंच. आवाज चढत गेला, होकार चढत गेला, आणि त्या जागेवर येऊन लवू म्हणाला, ‘दुकाना-गाडये टळू दे, इडापिडा फळू दे.’

शंभर गळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा.’

लवूने हेडफोन काढला. बावीस वर्षं गेली आणि जीभ होती तिथेच होती. तन्वीने हेडफोन परत त्याच्या कानावर ठेवला. आत हसण्याचा गदारोळ होता, कोणीतरी मुद्दाम गाडी खांबावर आपटली होती, आणि त्या सगळ्यातून डायलनचा आवाज आला, “अण्णानु, परत घाला.” मग सगळेच म्हणायला लागले, परत, परत. त्या खेळात ही रोजचीच गोष्ट. प्रसंग फसला की मागे यायचं आणि पुन्हा करायचं, त्यात कोणाला काही वाटत नाही. लवूने परत घातलं. तिसऱ्या खेपेला बरोबर आलं.

हे सगळं कार्तिकातलं. मार्गशीर्षात गावची जत्रा, आणि आठ दिवस आधी गुरुदासच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर तोंड बंद ठेवायला सांगितलं. आता गाऱ्हाणं कोण घालणार यावर देवळात बैठक बसली. दुसऱ्या गावचा माणूस आणावा असं कोणी सुचवलं. गुरुदासने खिशातून वही काढली, लिहिलं आणि सगळ्यांपुढे धरलं. ‘लवूक सांगा. वरसभर भिंतीपलीकडसून ऐकतंय. बापाशीसारख्या घालता.’ दोघांची घरं एकाच भिंतीची, हे लवू साफ विसरला होता.

होकार देण्याआधी लवूने दोन्ही बाजू तोलून बघितल्या. पुन्हा चुकलं तर फळूदे हे नाव जन्मभर सुटलं नसतं, आणि त्याच्यापाठोपाठ ती फळूदेची मुलगी म्हणून तन्वीलाही चिकटलं असतं. नाही म्हटलं तर बापाचा मान घरातून कायमचा गेला. तो हो म्हणाला आणि चार दिवस शेणाने सारवलेल्या पडवीत येरझाऱ्या घालत राहिला.

जत्रेच्या सकाळी देऊळ भरलं. लवू पुढे उभा राहिला. देवळात मोबाइलला रेंज एकाच खांबापाशी येते, तो लवूचा शेवटचा खांब. तिथे तन्वी फोन वर धरून उभी होती आणि फोनमध्ये दोहाच्या स्वयंपाकघरातला डायलन, डोक्याला पांढरी टोपी. फोनवरून खेळातलं बाकी शहरही ऐकत असणार.

लवूने सुरुवात केली. पहिल्या हाकेलाच पाठीमागची कुजबुज थांबली. म्हाताऱ्यांना त्याचा बाप आठवला, आणि तरण्यांनी गाऱ्हाणं एवढ्या मोठ्याने कधी ऐकलंच नव्हतं. पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेल्यांसाठी त्याने मागितलं, आणि आपणहून एक जोड दिली, ‘जेंची तोंडा आमी बघूक नाय, पण हाकेक ओ देतत, त्या पोरांकय संबाळ.’ कोणाला कळलं नाही ही कोण पोरं, तरी होकार दणक्यात आला. मग ती जागा आली.

“आंबे-काजी ट...” लवू म्हणाला, आणि थांबला.

मागून ‘व्हय म्हाराजा’ आलं नाही. बावीस वर्षांपूर्वी कोणी ऐकतच नव्हतं, म्हणून सव्वाशे माणसांनी नको त्याला होकार दिला. ती चूक त्याच्या एकट्याची कधी नव्हतीच. आज सगळे ऐकत होते. लवूच्या ते लक्षात आलं, आणि भीती गेली. त्याने वळून गावाकडे बघितलं.

“चुकलंय,” तो म्हणाला. “परत घालतंय.”

चुकलं तर देवापुढे पुन्हा म्हणता येतं, हे त्या देवळात आजवर कोणी म्हणालं नव्हतं. मानकरी एकमेकांकडे बघायला लागले. बायकांच्या बाजूने आनंदीबाईचा आवाज आला, ऐंशी पार केलेला, चिरका.

“घाल. आमी खंय जातंव?”

लवू पुन्हा देवाकडे वळला. “आंबे-काजी फळू दे म्हाराजा, इडापिडा टळू दे.”

‘व्हय म्हाराजा’ एवढ्या जोराने आलं की वरच्या कौलांतली कबुतरं उडाली. गुरुदास डॉक्टरांना विसरून तोंड उघडणार होता, त्याच्या बायकोने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आणि सगळं शांत झाल्यावर, दोन सेकंद उशिराने, शेवटच्या खांबापासून एकटा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” देऊळ हसलं. लवूने डोळे पुसले, ते सगळ्यांनी बघितलं.

नाव काही सुटलं नाही. आमच्याकडे ते सुटत नसतं, फार तर बदलतं. लवू देवळाच्या पायऱ्या उतरून चपला शोधत होता तेवढ्यात मागून आनंदीबाईने हाक मारली, “रे परतघाल, माजी मोटार कदी बगतलस?”

“ओ,” लवू म्हणाला. “उद्या सकाळीच येतंय.”