मामाची मोट आन् पारापुढची गोटी

मामाला माती देऊन आज अकरा दिवस झाले. घरात बोलायला कुणी न्हाई, म्हणून इथं लिहिते. माझी शाळा चौथीपतोरची, चुकलं तर समजून घ्या.

रेवणसिद्ध मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. निजामाचं राज्य हुतं तवा माकणीला माणिकप्पा मालकाच्या मळ्यातल्या हिरीवर मोट हाकायचे. ती हीर आता धरणाच्या पाण्याखाली हाय. एक दिवस मोटंचा जाड दोर, नाडा, तुटला आन् मामा बैलांच्या उतरत्या वाटंवर, धावेवर आदळले. मांडीचं हाड मोडलं. लोहाऱ्याच्या एका माणसानं कामट्या बांधून हाड बसवलं. चार महिने बाजेवर. उठले तवा एक पाय दोन बोटं आखूड.

मालक वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण माणूस कामाला धड झाला का न्हाय, हे बघायची गावात एकच रीत. मारुतीच्या पारापुढं दगडाची मोठी जड गोल गोटी हुती, ती खांद्यावर घ्यायची. सालगडी ठेवताना तेच, दुखण्यातनं उठल्यावर बी तेच. आता मोट हाकायला गोटी कशाला उचलावी लागती? बैल मागं सारायचे, मोट भरली का हे वजनावरनं वळखायचं, मग नाड्यावर बसून धावेनं खाली यायचं. पण हे मालकाला सुचलं न्हाई, गावाला न्हाई. मामाला बी न्हाई, त्याचंच लई वाईट वाटतं.

सगळ्या गावापुढं मामा वाकले. गोटी गुडघ्यापतोर आली आन् पाय सरकला.

कुणीतरी म्हणलं, "रेवण्या, नवरीला बलीव की हात लावाय."

लोक हसले. त्याच आठवड्यात मामाची ठरलेली सोयरीक मोडली. मालकानं मामाला माळावर ज्वारीची राखण दिली आन् मोटंवर शरणप्पा नावाच्या गड्याला घेतलं. मामा दिवसभर माचणीवर, हातात गोफण. पाखरांना हाकलायचं आन् त्यांच्याशीच बोलायचं.

पुढल्या पौषात शरणप्पा तापानं फणफणला. त्याची बायको दगडाबाई सकाळीच माळावर आली. मोट थांबली तर मालक दुसरा माणूस बघंल म्हणून रडाय लागली. मामा माचणीवरनं उतरले, सरळ धावेवर गेले. बैलांनी वळखलं त्यांना. मोटंच्या चाकाची कुरकुर मालकाच्या घरापतोर जायची, त्याला वाटलं शरणप्पाच हाय. तीन दिवस मामानं सगळा मळा भिजवला. पाय ठणकला, पण काम आडलं न्हाई.

चौथ्या दिवशी शरणप्पा उठला. मामानं कासरा त्याच्या हातात दिला, मोटंचं कातडं एका जागी इरलंय, शिवून घे म्हणले, आन् माळावर गेले.

म्या एकदा इचारलं, "मामा, मालकाला सांगायचं की तवा."

"काय सांगू? शरणप्पाला काढा म्हणू? दोन लेकरं हुती त्याला. मला कोण हुतं?"

पुढं चाळीस वर्षं राखणच केली. लगीन झालं न्हाई ते न्हाईच. माती देताना बी कुणीतरी म्हणलं, लंगडा राखणदार गेला. म्या तिथं काय बोलले न्हाई. म्हणून हे लिहिलं.