ताईंचा मोगरा

माझ्या मोठ्या नणंदेचं नाक देवानं चुकून माणसाला बसवलंय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा आमटी केली, तेव्हा ताईंनी पानावर बसण्याआधीच दारातून सांगितलं होतं, "हिंग विसरलीस." मी खरंच विसरले होते. कोणाकडे दूध उतू गेलं, कोणाच्या बाळाचा लंगोट बदलायला हवाय, कोणी केबिन रोडच्या दुकानातून आणलेले पेढे घरचे म्हणून खपवतंय, हे सगळं आमच्याकडे आल्या की त्यांना लिफ्टमध्ये उभ्या उभ्या कळायचं. एकदा तर दोन मजले खालच्या घरातला गॅस गळताना त्यांना वास आला आणि त्यांनी अख्खी बिल्डिंग रस्त्यावर आणली. तेव्हापासून ताईंच्या नाकाला नावं ठेवायची कोणाची टाप नव्हती.

नोकरीतून सुटल्यावर ताई दादरची खोली सोडून आमच्या बेव्हर्ली पार्कात, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायला आल्या. कशाला, तर मोकळ्या हवेसाठी! आणि बाल्कनीला बाल्कनी लागून शेजार मिळाला तो मोरव्याच्या मावशींचा. मावशींचं सगळं आयुष्य मोरव्याच्या कोळीवाड्यात गेलेलं. मुलानं फ्लॅट घेतला म्हणून इथे आल्या, पण बाल्कनीत दोरी बांधून बोंबील वाळत घालणं काही सुटलं नाही. रोज तिन्हीसांजेला ताई बाल्कनीत येऊन त्या बोंबलांचा एका दमात उद्धार करायच्या. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. मावशी शांतपणे म्हणायच्या, "अगो बाय, म्हावऱ्याला वास न्हाय येनार तं कशाला येनार?"

आधी ताईंनी धूप घालून पाहिला. पण सेक्रेटरी वर आले आणि हात जोडून म्हणाले, "आंटी, धुआँ मत करो, बच्चे खाँसते हैं." मग आले स्प्रे. हॉलला मोगरा, बेडरूमला लव्हेंडर, बाथरूमला लिंबू, झुरळांना वेगळा, डासांना वेगळा. डबे देवघराशेजारी ओळीनं मांडलेले. आणि पद्धत मात्र धुपाचीच! दिवा लावून झाला की खिडक्या गच्च बंद करायच्या, डबा घेऊन घरभर फिरायचं, कानाकोपऱ्यात, कपाटामागे, फोटोंमागे फवारायचं, आणि वास कोंडून मुरू द्यायचा. मी एकदा डब्यावरचं वाचून दाखवलं, "ताई, हवेशीर जागेत वापरा, असं लिहिलंय." तर म्हणतात कशा, "लिहितील नाहीतर काय! हवेशीर जागेत उडून जातो म्हणजे डबा लवकर संपतो. त्यांचा धंदा आहे तो."

एका संध्याकाळी मी गरम थालीपीठं घेऊन वर गेले. दार उघडताच डोळ्यांत पाणी आलं, घशात काहीतरी टोचलं. ताई परत जाऊन सतरंजीवर पद्मासनात बसल्या आणि भस्त्रिका सुरू केली. भस्त्रिका! त्या कोंडलेल्या मोगऱ्यात! "सुगंधी हवा खोलवर गेली की आतून स्वच्छ होतं," मधेच खोकत त्यांनी मला समजावलं. तो कोरडा खोकला महिनाभर होता, आणि त्याचं खापर अर्थातच बोंबलांवर. "त्या मेल्यांनी माझा घसा धरलाय," असं म्हणून त्या आणखी दोन वेळा जास्त फवारायच्या.

मग एक दिवस दिवेलागणीला मोरव्याच्या मावशी धावतच माझ्या दारात आल्या. "तुजी नणंद आज वरडली न्हाय गो! रोज या येलेला वरडते. काय तरी झालंय तिला." मी माझ्याकडची ताईंच्या घराची किल्ली घेऊन वर पळाले. खिडक्या बंद, घरभर मोगरा, आणि ताई पलंगाला टेकून जमिनीवर. ओठ निळसर, छाती भात्यासारखी चाललेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मावशींनी फटाफट खिडक्या उघडल्या, ताईंना लेकरासारखं उचललं आणि लिफ्ट गाठली.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला, एक्सरे काढले. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मी स्प्रेचं आणि भस्त्रिकेचं सांगितलं. त्या फवाऱ्यानं फुफ्फुसांना आतून सूज आली होती. "मोगरे से?" मी वेड्यासारखं विचारलं. "मोगरा है कहाँ उसमें, मॅडम?" ते म्हणाले. वास म्हणजे नाकाशी येतो आणि जातो, एवढंच मला ठाऊक. तो आत जाऊन माणसाचा श्वास अडवतो? आणि त्यातला पहिला डबा मीच दिला होता हो, दिवाळीच्या भेटीत. त्याची आठवण मी ताईंना अजून करून दिलेली नाही, आणि त्यांनीही कधी काढलेली नाही.

ताई घरी आल्या. डबे गेले, खिडक्या आता दिवसभर सताड उघड्या असतात, आणि त्यातून बोंबील खुशाल आत येतात. पण फुफ्फुसं काही पूर्वीसारखी झाली नाहीत, होतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत. तिन्हीसांजेला ताई बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात आणि सुरुवात करतात, "अहो मावशी, आज तुमचे बोंबील..." आणि दम लागून थांबतात. मी आत त्यांच्या स्वयंपाकघरात कणीक मळत असले तर माझेही हात थांबतात. पलीकडे मावशी दोरीवर टाकायचा बोंबील हातात तसाच धरून उभ्या राहतात, ताईंचं वाक्य पुरं होईपर्यंत.