यडक्क, यव्वा, यडक्क

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की उठून चहा ठेवणारी बाई मी... हुबळीत देशपांडे नगरातल्या एका नर्सिंग होममध्ये सत्तावीस वर्षं आया होते. मरणं पाहिली, भूत काही पाहिलं नाही.

गेल्या श्रावणात सूनबाईचं सिझर तिथंच झालं. बाळ पायाळू होतं. तिला माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण माझ्याकडे, मुलगा जहाजावर. सून साताऱ्याची, कानडीचा एक शब्द येत नाही.

दुपारी तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर एकटी. पूर्वी मी आत असायचे, आणि माझ्याबरोबर दुसरी आया, म्हातारी गंगव्वा. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं की बीपी झपकन उतरतं, त्यात पोटाचं ओझं मोठ्या शिरेवर... म्हणून उजव्या कमरेखाली काहीतरी देऊन बाईला डावीकडे कलवायचं. ते काम गंगव्वाचं. चादरीची घडी करायची, टोक विड्यासारखं आत खोचायची. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. अजून भाकरी दोघींपुरत्या होतात माझ्या... असो.

आतून आवाज आला — "बीपी साठ! औषध द्या!" मग काहीच नाही. मी पदर तोंडात धरून बसले. कितीतरी वेळानं बाळ रडलं.

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, आतली ती म्हातारी मला येडी अक्का का म्हणत होती?"

"अगं, तुला येडी म्हणायला मी आहे की! कुठली म्हातारी?"

"डोळ्यांपुढं अंधार आला, मळमळलं, दंडावरचा पट्टा सारखा आवळत होता... तेव्हा कमरेखाली काहीतरी सारलं आणि कानाशी म्हणाली, येडी अक्का, येडी अक्का..."

माझं हसू तिथंच थांबलं. यडक्क म्हणजे कानडीत डावीकडे, यव्वा म्हणजे बाई गं. गंगव्वा प्रत्येकीला तेच म्हणायची — "यडक्क, यव्वा, यडक्क."

भुलीच्या मॅडमना विचारलं. "अक्का, उशी ठेवली होती, ती सरकली. औषध दिलं आणि टेबल कलवायला गेले, तर कमरेखाली चादरीची घडी आधीच होती. मला वाटलं सिस्टरनी ठेवली."

सिस्टर म्हणाली, "मी नाही. आणि आत म्हातारं कुणीच नव्हतं." घडी तिनं बाजूला ठेवली होती, ती दाखवली. टोक आत खोचलेलं, विड्यासारखं.

औषधानं बीपी चढलं, एवढं मला कळतं. घडीचं मात्र आजही कळत नाही. आणि एक सलतं... आत जायला दार एकच. त्याच्यासमोरच्या बाकावर मी दीड तास बसले होते. माझ्या अंगावरूनच गेली असेल ना ती? जाता जाता एक हाक मारायची की गं, गंगव्वा...